उष्मापंपातील पाणीगळती

घरगुती उष्मापंपातून घराच्या आत, भिंतीवर, छतातून किंवा जमिनीवर, म्हणजेच निचऱ्यासाठी ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र पाणी येणे, यास उष्मापंपातील पाणीगळती असे म्हणतात. उष्मापंप हे कमी तापमानाच्या जागेतील उष्णता उचलून ती अधिक तापमानाच्या जागेत सोडणारे यंत्र होय. खोली थंड करणारा नेहमीचा स्प्लिट एसी हादेखील तत्त्वतः उष्मापंपच आहे. फरक इतकाच, की तो एकाच दिशेने चालतो. ज्या यंत्रात प्रशीतकाच्या प्रवाहाची दिशा उलटवणारी झडप असते, ते उन्हाळ्यात खोली थंड व हिवाळ्यात गरम करते. भारतात अशी यंत्रे ‘हॉट अँड कोल्ड एसी’ या नावाने विकली जातात. थंड प्रदेशांतील घरांमध्ये हवेऐवजी पाणी तापवून ते रेडिएटरमधून किंवा जमिनीखालील नळ्यांतून फिरवणारे उष्मापंपही वापरले जातात.

‘गळती’ हा शब्द रूढ असला तरी काहीसा दिशाभूल करणारा आहे. गळती म्हटले की यंत्राच्या आत भरून ठेवलेले काहीतरी फुटून बाहेर येत आहे, असा समज होतो. हवा थंड किंवा गरम करणाऱ्या उष्मापंपात पाणी भरलेलेच नसते. तेथे दिसणारे पाणी खोलीच्या हवेतून आलेले असते. ते निर्माण होणे हा दोष नसून यंत्र काम करीत असल्याची खूण आहे. दोष असतो तो त्या पाण्याच्या वाटेत. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे तुंबलेली नळी तशीच राहते आणि गरज नसताना ‘गॅस भरून’ घेण्यावर पैसे खर्च होतात.

पाणी कोठून येते

हवेत पाण्याची वाफ मिसळलेली असते. हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला ती वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडू लागते. त्या तापमानास दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जमणारे थेंब हे याचे सर्वांच्या पाहण्यातील उदाहरण होय. (माठाचा बाहेरील ओलावा मात्र वेगळा, तो आतून पाझरलेल्या पाण्याचा असतो.) खोली थंड करताना उष्मापंपाच्या आतील युनिटमधील कॉइल साधारणपणे ८ ते १२° से. इतकी थंड असते. हवेचा दवबिंदू याहून वर असेल, तर कॉइलवर पाणी जमणारच.

हे पाणी किती असेल, हे हवामानावर अवलंबून असते. मुंबईत पावसाळ्यात ३०° से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २६° से. असतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४३° से. तापमान व १५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू ११° से.च्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ कॉइलच्या तापमानाइतका. त्यामुळे एकाच बनावटीचे यंत्र कोकण किनाऱ्यावर सतत पाणी टाकते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात जेमतेम ओले होते. नागपुरातील नळी कोरडी दिसली म्हणून यंत्र बिघडले, असे समजण्याचे कारण नाही.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. वर दिलेल्या मुंबईच्या हवेत दर घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. म्हणजे संपूर्ण खोलीत पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी तरंगत असते. हीच हवा २५° से. व ५० टक्के आर्द्रतेपर्यंत आणली, तर त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक पाणी बाहेर पडते. प्रत्यक्षात मात्र बादली भरते, कारण दारे-खिडक्यांच्या फटींतून दमट हवा सारखी आत येत असते आणि माणसांचा श्वास व घाम यांचीही त्यात भर पडते. दीड टनाच्या यंत्राची शीतनक्षमता सुमारे ५.३ किलोवॉट असते. तिच्यातील चौथा हिस्सा वाफेचे पाणी करण्यात खर्च झाला, तरी पूर्ण भाराने चालताना ताशी दोन लिटरांच्या जवळपास पाणी निघते. खोलीचे दार उघडे राहिल्यास हा वाटा आणखी वाढतो.

ऐतिहासिक दृष्ट्या पाहिले, तर हवेतील पाणी काढणे हेच वातानुकूलनाचे मूळ उद्दिष्ट होते. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आपली योजना आखली, ती कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर दमट हवेमुळे कागद फुगून छपाईचे रंग जागेवरून सरकत होते म्हणून. उष्मापंपाची कल्पना त्याहूनही जुनी असून ती लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली मांडली होती.

प्रशीतक म्हणजे पाणी नव्हे

यंत्रातून ठिबकणारे पाणी म्हणजे आतला ‘गॅस’ वितळून बाहेर येत आहे, असा एक गैरसमज आढळतो. घरगुती यंत्रांतील आर-३२ हे प्रशीतक सामान्य वातावरणीय दाबाला सुमारे उणे ५२° से. तापमानालाच उकळते, प्रोपेन (आर-२९०) उणे ४२° से.ला उकळतो. नळीतून सुटलेले प्रशीतक क्षणात वायुरूप होते, त्याचे जमिनीवर थारोळे साचू शकत नाही. प्रशीतकाच्या गळतीची दृश्य खूण असते ती तांब्याच्या सांध्याजवळचा तेलकट डाग, कारण काँप्रेसरमधील थोडे तेल प्रशीतकाबरोबर फिरत असते.

प्रशीतक हे इंधनाप्रमाणे वापरून संपत नाही. ते बंद नळ्यांत तेच ते फिरत राहते. म्हणून ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ या म्हणण्याचा अर्थ एवढाच, की कोठेतरी गळणारा सांधा दुरुस्त न करता वरचेवर भर घातली जात आहे.

निचऱ्याचा मार्ग आणि त्यातील अडथळे

कॉइलवर जमलेले थेंब ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवरून ओघळून खालच्या ट्रेमध्ये पडतात व तेथून नळीवाटे बाहेर जातात. भिंतीवरच्या स्प्लिट यंत्रात या सर्व प्रवासाला पंप नसतो. केवळ उतारच पाणी वाहून नेतो. साहजिकच बहुतेक तक्रारींचे मूळ उताराच्या चुकीत किंवा नळी तुंबण्यात सापडते.

उताराची चूक बसवणीच्या दिवशीच होते, मात्र ती उघडकीस येते पहिल्या पावसाळ्यात. आतील युनिट निचऱ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित कललेले असले, की ट्रेमधील पाणी नळीकडे न जाता दुसऱ्या कडेवरून भिंतीवर उतरते. पाणसळ लावून पाहिल्यास हा दोष अर्ध्या मिनिटात कळतो. भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते असावे लागते. ते सपाट किंवा आत उतरते पाडले गेले, तर यंत्राचे पाणी बाहेर जात नाही आणि पावसाचे पाणी मात्र आत येते. तांब्याच्या नळ्या, विजेची तार व निचरा-नळी एकत्र गुंडाळताना निचरा-नळी सर्वांत खाली ठेवायची असते. ती वर बांधली गेल्यास छिद्राच्या तोंडाशी तिला उंचवटा येतो. बाहेर मोकळी सोडलेली लवचीक नळी मध्येच पोट धरते. त्या खोलगट भागात पाणी व गाळ साचून पुढील प्रवाह अडतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या ‘इंटरनॅशनल मेकॅनिकल कोड’ या संहितेत आडव्या निचरा-नळीला किमान १ टक्का, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर, उतार सांगितला आहे. हे प्रमाण नजरेला जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे धोक्याचे ठरते.

आणखी एक चूक फारच साधी दिसते. बाहेरच्या बाजूस बादली ठेवून नळीचे टोक तिच्या तळापर्यंत सोडले जाते. बादली भरली की टोक पाण्यात बुडते, नळीत हवा कोंडते आणि पाणी मागे सरकून ट्रेवरून सांडते. नळीचे टोक पाण्याच्या किंवा जमिनीच्या वर मोकळे असावे.

तुंबण्याची प्रक्रिया मात्र हळूहळू घडते. गाळणीतून निसटलेली धूळ, कापडाचे तंतू व स्वयंपाकघराजवळील तेलाचे कण ओल्या ट्रेमध्ये बसतात. त्यांवर जिवाणू व बुरशी वाढून बुळबुळीत थर तयार होतो. ट्रेमधील अंधार, ओल आणि अन्न हे सारे त्यांच्या सोयीचेच असते. हा थर सुटून नळीच्या अरुंद भागात अडकला, की एरवी नीट चालणारे यंत्र एका रात्रीत गळू लागते. नळीचे उघडे टोक मुंग्या व कोळ्यांच्या आसऱ्याचे ठिकाण बनते आणि कुंभारीण माशी तेथे मातीचे घरटे बांधते. टोकाला जाळी लावल्यास कीटक थांबतात, मात्र फार बारीक जाळी स्वतःच गाळाने बंद होते.

हवेच्या दाबामुळेही पाणी अडते. छतात दडवलेल्या डक्टच्या यंत्रांत ट्रे पंख्याच्या ओढीच्या बाजूस असतो. तेथे दाब कमी असल्याने बाहेरची हवा निचरा-नळीतून वर खेचली जाते आणि पाणी तिच्याविरुद्ध खाली उतरू शकत नाही. यासाठी नळीला इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा बाक देऊन त्यात पाणी साठवले जाते. बाकातील पाणी हवेला अडवते आणि मागून येणाऱ्या पाण्याला वाट देते. जपानमधील हवाबंद सदनिकांत स्वयंपाकघराचा मोठा पंखा सुरू केला, की एसीच्या निचरा-नळीतून हवा आत येऊन बुडबुड्यांचा आवाज होतो. तेथे नळीवर एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसवण्याची पद्धत आहे.

उंच इमारतींत अनेक घरांच्या नळ्या एका उभ्या सामाईक नळीला जोडलेल्या असतात. ती खाली तुंबली, तर वरच्या सर्व मजल्यांचे पाणी खालच्या मजल्यावरील घरात चढते. अशा वेळी ज्या घरात पाणी सांडते त्या घरचे यंत्र निर्दोष असते, तरी पुन्हा पुन्हा दुरुस्ती त्याचीच होते.

कॉइलवर बर्फ

कॉइलचे तापमान ०° से.च्या खाली गेले, तर जमलेले पाणी ओघळण्याऐवजी गोठते. याची दोन प्रमुख कारणे आहेत. गाळणी धुळीने भरली किंवा पंखा मंदावला, की कॉइलला खोलीच्या हवेतून पुरेशी उष्णता मिळत नाही. प्रशीतक कमी झाले असल्यास कॉइलमधील दाब व त्याबरोबर तापमान घसरते. बर्फाचा थर हवेची वाट आणखी अडवतो, त्यामुळे बर्फ अधिकच वाढतो. यंत्र बंद केल्यावर हा सारा बर्फ थोड्या वेळात वितळतो आणि इतके पाणी सामावून घेण्यास ट्रे अपुरा पडतो. ‘एसी चालू असताना थेंब नाही, बंद केला की धार लागते’ या तक्रारीमागे बहुधा बर्फ असतो.

प्रशीतक कमी असताना कॉइलचा काही भागच थंड राहतो. उरलेल्या भागातून दमट हवा तशीच आत जाते, पुढे थंड हवेत मिसळते आणि पंख्याच्या पात्यांवर पाणी जमून हवेबरोबर शिंतोडे उडतात. गॅस भरण्याचा सल्ला योग्य ठरण्याची शक्यता असते ती अशा प्रसंगी, आणि तेव्हाही गळणारा सांधा शोधल्यावरच. गोठलेल्या कॉइलवरील बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. पातळ नळीला भोक पडल्यास साधी साफसफाई मोठ्या खर्चाची दुरुस्ती होते. काँप्रेसर बंद ठेवून केवळ पंखा चालवला, तर बर्फ आपोआप वितळतो.

नळ्यांना येणारा घाम

थंड प्रशीतक वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीवर रबरी फोमचे आवरण असते. ते फाटले, सांध्याजवळ अपुरे पडले किंवा उन्हाने चुरा झाले, तर नळीवरच दव जमते व पाणी भिंतीच्या आतून किंवा खोट्या छतावरून वाट काढते. निचरा-नळीतील पाणीही थंडच असते. म्हणून घराच्या आतून जाणाऱ्या तिच्या भागालाही आवरण लागते. या प्रकारात ट्रे व नळी कितीही साफ केली, तरी ओल थांबत नाही. छताला पडलेला पिवळा डाग किंवा रंगाचे पोपडे यंत्रापासून काही फुटांवर दिसत असतील, तर आधी आवरण तपासणे शहाणपणाचे ठरते.

हिवाळ्यात दिशा बदलते

खोली गरम करताना आतील कॉइल उष्ण व बाहेरील कॉइल थंड असते. त्यामुळे पाणी बाहेरील युनिटवर जमते आणि थंडी असेल तर त्याचे हिमकण होतात. ते काढण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट दिशेने चालून बाहेरील कॉइल तापवते. या काळात बाहेरील युनिटमधून वाफ निघणे व पाणी वाहणे हे स्वाभाविक आहे. नवख्या वापरकर्त्यास ते आग लागल्यासारखे वाटते, हा भाग वेगळा.

खोली गरम केली जात असताना आतील युनिटखाली सतत पाणी येत असेल, तर मात्र ते हवेतील वाफेचे असण्याची शक्यता फार कमी असते. भिंतीच्या छिद्रातून येणारे पावसाचे किंवा बर्फाचे पाणी, अथवा भिंतीतील नळाची गळती, असे बाहेरचे कारण शोधावे लागते.

नॉर्वे, स्वीडन यांसारख्या देशांत खरा प्रश्न बाहेरच्या पाण्याचा असतो. युनिटच्या तळाची छिद्रे गोठली, तर बर्फ तळापासून वर चढत पंख्याच्या पात्यांना लागतो. पायवाटेवर पाणी पडून गोठल्यास माणसे घसरतात. यासाठी युनिट जमिनीपासून व साचणाऱ्या बर्फापासून उंच बसवतात, तळाशी विजेची तापक-तार लावतात आणि पाणी खडीच्या खड्ड्यात जिरवतात.

पाणी खेळवणारे उष्मापंप

पाणी तापवणाऱ्या उष्मापंपात पाणी खरोखरच भरलेले असते, त्यामुळे तेथे शब्दशः गळती संभवते. पाणी १५° से.पासून ६०° से.पर्यंत तापवले, की ते सुमारे १.६ टक्के फुगते. २०० लिटरच्या टाकीत ही वाढ तीन लिटरांहून अधिक होते. हे वाढीव पाणी सामावण्यासाठी रबरी पडदा व कोंडलेली हवा असलेले प्रसरणपात्र जोडतात. पडदा फाटला किंवा हवा कमी झाली, की दाब वाढून सुरक्षा-झडप थेंब थेंब पाणी सोडू लागते. अशा वेळी झडपेचे तोंड बुच लावून बंद करणे अत्यंत धोकादायक आहे. झडप आपले काम करीत असते आणि दोष पात्रात असतो. थंड देशांत बाहेरील नळ्यांवर गोठणरोधक झडपा असतात. वीज जाऊन पाण्याचे तापमान ३° से.च्या आसपास उतरले, की त्या नळ्या फुटू नयेत म्हणून मुद्दाम पाणी सोडून देतात.

निदान

पाण्याचा उगम ओळखण्यास पाणी कधी व कोठे येते याची नोंद बहुधा पुरेशी असते. यंत्र सुरू झाल्यावर काही वेळाने ठिबक सुरू झाल्यास निचरा, बंद केल्यावर धार लागल्यास बर्फ, पाऊस आल्यावरच ओल दिसल्यास भिंतीचे छिद्र, असा अंदाज बांधता येतो. पाणी खेळवणाऱ्या यंत्रात दाबमापकाचा काटा दिवसेंदिवस खाली येत असेल, तर बंद नळ्यांतून पाणी जात आहे. काटा स्थिर असेल, तर बाहेर दिसणारे पाणी हवेतील वाफेचे असण्याचा संभव अधिक. घरात पाणी-शुद्धकासाठी घेतलेले टीडीएस मापक असल्यास तेही उपयोगी पडते: वाफेपासून झालेल्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात, नळाच्या पाण्यात बरेच अधिक.

निचऱ्याची परीक्षा करण्यासाठी यंत्राचा वीजपुरवठा एमसीबीवरून तोडून ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओततात. ते बाहेरच्या टोकाशी मोकळेपणी आले, तर वाट स्वच्छ आहे. बसवणी पूर्ण झाल्यावर तंत्रज्ञाने ही परीक्षा मालकासमोर करून दाखवावी, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. आतील युनिटमध्ये विजेचे फलक असल्याने पाणी यंत्राच्या अंगावरून वाहत असताना ते चालू ठेवू नये.

प्रतिबंध

गळती टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाळणी धुणे. वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी, रस्त्याकाठच्या धुळीच्या घरात त्याहून लवकर, ती साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. पावसाळ्यापूर्वी ट्रे व नळी स्वच्छ करून घेतल्यास दमट महिन्यांत सहसा अडचण येत नाही. नळी तुंबलीच, तर बाहेरच्या टोकाला ओल्या कचऱ्यासाठी चालणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ ओढून काढणे हे आतून जोराने हवा मारण्यापेक्षा चांगले. हवेच्या दाबाने सांधा सुटून पाणी भिंतीत शिरू शकते. ब्लीच व आम्ल कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ॲल्युमिनियमच्या कॉइलवर तीव्र रसायनेही टाळावीत.

छतात बसवलेल्या यंत्राखाली दुसरा सुरक्षा-ट्रे ठेवणे आणि पाणी ठरावीक पातळीवर येताच यंत्र बंद करणारा तरंगता स्विच लावणे, हे इमारतीचे नुकसान टाळणारे उपाय आहेत. पंपाने पाणी उपसावे लागणाऱ्या यंत्रांत असा स्विच अनिवार्यच समजावा, कारण तेथे पंप बंद पडला की उतार मदतीला येत नाही.

निचऱ्याच्या पाण्याचा उपयोग

जमा झालेले पाणी फरशी पुसणे, शौचालय व कुंड्यांतील झाडे यांसाठी वापरता येते. ते क्षारविरहित दिसले तरी कॉइलवरील धूळ, जिवाणू व धातूंचे अंश त्यात उतरलेले असतात. त्यामुळे ते पिण्यास अयोग्य असून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी घालू नये. शेजाऱ्यांच्या छज्जावर रात्रभर पडणारी टपटप हे गृहनिर्माण संस्थांतील नेहमीचे भांडण असल्याने अनेकजण नळीखाली बादली ठेवतात. ती आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी लागते, कारण डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ व स्थिर पाण्यात अंडी घालतो.